सहापैकी दोन: गिरगाव-दादर-परळच्या स्त्री खासदार

मुंबईतून लोकसभेत सहा खासदार जातात. मार्च १९७७ मध्ये हे सहाही जण विरोधी बाकांवरच्या पक्षांचे निवडून आले आणि त्यांत दोन स्त्रिया होत्या. उत्तर मुंबईतून मृणाल गोरे आणि उत्तर-मध्य मुंबईतून अहिल्या रांगणेकर. सहापैकी दोन म्हणजे बरोबर एक तृतीयांश. लोकसभेत स्त्रियांसाठी जेवढ्या जागा राखायचं पुढे २०२३ च्या घटनादुरुस्तीनं ठरवलं, नेमक्या तेवढ्या. त्या सहाव्या लोकसभेत देशभरातून अवघ्या १९ स्त्रिया निवडून आल्या होत्या. इतका कमी आकडा त्याआधी कधी नव्हता आणि नंतरही आलेला नाही. देशाचा नीचांक होता, त्याच साली मुंबईचा उच्चांक होता. त्यानंतर आजतागायत मुंबईनं एका निवडणुकीत दोन स्त्रिया लोकसभेत पाठवलेल्या नाहीत.

हे कसं जमलं आणि मग का थांबलं, हा प्रश्न मला गिरगाव, दादर, परळ, लालबाग एवढ्याच पट्ट्यापुरता तपासायचा आहे. आज हा पट्टा दोन मतदारसंघांत विभागलेला आहे: गिरगाव, परळ, लालबाग दक्षिण मुंबईत, तर दादर दक्षिण-मध्य मुंबईत. दर फेररचनेला नावं आणि हद्दी बदलत गेल्या, त्यामुळे मतदारसंघाच्या नावावरून हिशेब मांडला की गल्लत होते. तो वस्तीवरून मांडावा लागतो. तसा मांडला तर इथून चार स्त्रिया लोकसभेत गेल्या. रोझा देशपांडे १९७४ मध्ये, अहिल्या रांगणेकर १९७७ मध्ये, प्रमिला दंडवते १९८० मध्ये आणि जयवंतीबेन मेहता १९९६ व १९९९ मध्ये. पहिल्या तिघी सहा वर्षांत एकीमागून एक. त्यानंतरच्या चाळीसहून अधिक वर्षांत एकच.

मुंबईत त्याआधी स्त्रिया निवडून आल्या नव्हत्या असं नाही. १९५२ च्या पहिल्याच निवडणुकीत जयश्री रायजी उपनगरातून काँग्रेसतर्फे लोकसभेत गेल्या. १९६७ मध्ये ईशान्य मुंबईतून निवडून आलेले स. गो. बर्वे लगेच वारले, तेव्हा त्यांच्या भगिनी तारा सप्रे पोटनिवडणुकीला उभ्या राहिल्या आणि त्यांनी व्ही. के. कृष्ण मेनन यांना हरवलं. पण या दोन्ही जागा उपनगरांतल्या. परळ-लालबागचं गिरणगाव तेव्हा डांगे आणि जॉर्ज फर्नांडिस यांच्या भाषणांचं, पुरुषांनी भरलेल्या मैदानांचं गाव होतं. निदान बाहेरून तरी तसं दिसे.

आतून चित्र निराळं होतं. गिरण्यांच्या वाइंडिंग आणि रिलिंग खात्यांत बायका काम करत. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकात गिरणी कामगारांत त्यांचा हिस्सा पाचवा होता, पुढे तो घटत गेला. ज्या गिरणीत नव्हत्या त्या गिरणीवर जगणाऱ्यांना जगवत होत्या. गाळ्यात राहणाऱ्या एकट्या कामगारांच्या खानावळी त्याच चालवत. संपात खानावळीचं बिल थकलं तरी ताट वाढायचं थांबत नसे, आणि तो संप किती दिवस टिकणार हे पुष्कळदा त्या बाईच्या उधारीवर ठरे. उषाताई डांगे यांनी या कामगार बायांत आयुष्य घातलं. त्यांच्या आत्मचरित्राचं नाव ‘पण ऐकतं कोण?’ असं आहे. पार्वतीबाई भोर याच गिरणगावच्या लढाऊ पुढारी. यांपैकी कुणी खासदार झालं नाही. पण नंतर ज्या झाल्या त्यांची वाट यांनीच मळवली.

१९४३ मध्ये स्थापन झालेला परळ महिला संघ या वाटेवरचा मोठा टप्पा. अहिल्याताई त्याच्या संस्थापकांपैकी. जन्म पुण्याचा, १९२२ चा, कम्युनिस्ट नेते बी. टी. रणदिवे यांच्या त्या धाकट्या बहीण. फेब्रुवारी १९४६ मध्ये नौदलातल्या सैनिकांचं बंड पेटलं, त्याला पाठिंबा म्हणून गिरणगाव रस्त्यावर आला आणि परळला लष्करानं गोळीबार केला. संघाच्या कार्यकर्त्या कमल दोंदे त्यात ठार झाल्या, कुसुम रणदिवे यांच्या पायाला गोळी लागली. अहिल्याताई त्यांच्याबरोबर होत्या. तेव्हा त्यांचं वय २३. लोकसभेत पोचायला त्यानंतर ३१ वर्षं लागली. मधल्या काळात संयुक्त महाराष्ट्राचा लढा झाला, १९६१ मध्ये महापालिकेची निवडणूक झाली, चीन युद्धानंतरच्या धरपकडीत तुरुंग झाला. मृणालताईही त्याच १९६१ मध्ये गोरेगावातून महापालिकेत गेल्या होत्या. ‘अहिल्या रांगणेकर, खासदार’ ही ओळ वाचताना ही ३१ वर्षं डोळ्यांसमोर असायला हवीत, असं मला मनापासून वाटतं.

रोझा देशपांडे यांची निवडणूक या सगळ्यात सर्वांत कमी सांगितली जाते आणि ती सर्वांत गुंतागुंतीची आहे. कम्युनिस्ट नेते श्रीपाद अमृत डांगे यांची ही मुलगी. रोझा लक्झेंबर्गवरून तिचं नाव ठेवलं. बालपण वडील मीरत खटल्याच्या तुरुंगात असताना गेलं. पुढे आयटकच्या कामगार संघटनेत, संयुक्त महाराष्ट्राच्या आणि गोवामुक्तीच्या लढ्यात काम केलं. मध्य मुंबईचे खासदार रा. धों. भंडारे १९७३ मध्ये बिहारचे राज्यपाल झाले, जागा रिकामी झाली आणि जानेवारी १९७४ मध्ये पोटनिवडणूक लागली. काँग्रेसचे उमेदवार रामराव आदिक, त्यांच्या पाठीशी शिवसेना. समोर भारतीय कम्युनिस्ट पक्षाच्या रोझाताई.

मतदानाच्या आधी, ५ जानेवारीला, वरळीच्या बीडीडी चाळींत दलित पँथरची सभा झाली. तिच्यातून दंगल उसळली आणि पँथरनं या निवडणुकीवर बहिष्कार जाहीर केला. १० जानेवारीला परळमध्ये पँथरच्या मोर्चावर इमारतीवरून दगड आले, त्यात भागवत जाधव या तरुणाचा जीव गेला. रोझाताई निवडून आल्या. पण हा विजय निव्वळ गिरणी कामगारांच्या एकजुटीचा म्हणून सांगणं अर्धवट ठरेल. काँग्रेसला जाणारी दलित मतं त्या वेळी घरीच राहिली. वरळी-नायगावच्या चाळींत ज्या घरांनी मार खाल्ला त्यांच्या रागाचाही या निकालात वाटा होता. गिरणगावची पहिली स्त्री खासदार अशा पेटलेल्या महिन्यात निवडून आली.

आता थोडं मागे, लाटण्याच्या मोर्चांकडे येतो. १९७२ चा दुष्काळ, त्यात महागाई. रेशनवर लाल मिलो, साखर-रवा-तेल मिळेना, रॉकेलच्या रांगा. त्या वर्षी मुंबईतल्या निरनिराळ्या पक्षांच्या बायकांनी एकत्र येऊन महागाईविरोधी समिती केली. समाजवादी मृणाल गोरे आणि प्रमिला दंडवते, मार्क्सवादी अहिल्या रांगणेकर, भारतीय कम्युनिस्ट पक्षाच्या तारा रेड्डी. हातात लाटणं घेऊन मोर्चे निघाले. ठरल्या वेळी घराघरांतून थाळ्या वाजल्या. आमच्या चाळीत ही थाळी पितळेची होती, काठाला चेपलेली. आई म्हणे, हा चेपा भांडी घासताना पडलेला नाही. गॅलरीच्या कठड्यावर ती थाळी आपटली जात होती, आणि एका मजल्यावरून सुरू झालेला आवाज समोरच्या चाळीनं उचलला की अख्खी वाडी वाजायला लागे. खाली हॉटेलात बसलेले पुरुष बाहेर येऊन वर बघत.

या आंदोलनाबद्दल लिहिताना ‘घरगुती वस्तूंचा प्रतीकात्मक वापर’ असं म्हणायची पद्धत आहे. त्याहून महत्त्वाची मला वाटते ती त्यामागची बांधणी. कोणत्या चाळीत कुणाला निरोप द्यायचा, मोर्चाला किती जणी येतील, तान्ह्या मुलाला कोण सांभाळेल, नवऱ्याची पाळी कोणती आहे, हे सगळं माहीत असणारी एकेक बाई प्रत्येक मजल्यावर होती. निवडणूक लढवायला हेच लागतं. पक्षांकडे मतदार यादी असते, या बायांकडे मतदार होते. १९७७ मध्ये पैसे नसलेल्या उमेदवार निवडून आल्या त्या या यंत्रणेवर.

त्याआधी आणीबाणी आली आणि ही समिती मधोमध चिरली. मृणालताई, अहिल्याताई, प्रमिलाताई तुरुंगात गेल्या. भारतीय कम्युनिस्ट पक्षानं आणीबाणीला पाठिंबा दिला, म्हणजे रोझाताई ज्या पक्षाच्या खासदार होत्या तो पक्ष कालच्या मैत्रिणींना कोंडणाऱ्या सरकारच्या बाजूला उभा होता. एका थाळीवर दोन लाटणी वाजवलेल्या बायकांत हे झालं. गिरणगावच्या इतिहासातली ही जखम आहे आणि ती झाकून पुढे जाणं मला पटत नाही. प्रमिलाताई येरवड्यात होत्या, त्यांचे पती मधू दंडवते बंगळूरच्या तुरुंगात. दोघांमधला संसार दीड वर्ष पत्रांवर चालला, तीही तुरुंगाच्या तपासणीतून जाणारी.

मार्च १९७७ मध्ये मार्क्सवाद्यांनी जनता पक्षाशी समझोता करून लढवलेल्या उत्तर-मध्य मुंबईत अहिल्याताई निवडून आल्या. दादर, माटुंगा, माहीम, धारावी या भागांतला हा मतदारसंघ. गोरेगावकडे मृणालताईंवरून ‘पाणीवाली बाई दिल्लीत, दिल्लीवाली बाई पाण्यात’ ही घोषणा गाजली, तिचे पडसाद दादरच्या फुलबाजारापर्यंत उमटले. पण ती लोकसभा ऑगस्ट १९७९ मध्ये विसर्जित झाली. अडीच वर्षंही भरली नाहीत. रोझाताईंना तीन वर्षं मिळाली, अहिल्याताईंना त्याहून कमी. दोघीही पुन्हा लोकसभेत गेल्या नाहीत.

१९८० मध्ये त्याच उत्तर-मध्य मुंबईनं जनता पक्षाच्या प्रमिला दंडवते यांना निवडून दिलं. देशभर इंदिरा गांधींची लाट असताना. मधू दंडवते राजापूरहून निवडून आले होते, त्यामुळे दादरच्या एकाच घरातले दोन खासदार एका सभागृहात बसले. प्रमिलाताई राष्ट्र सेवा दलात वाढलेल्या. त्यांनी महिला दक्षता समितीची स्थापना केली होती. स्टोव्हचा भडका उडून नवी सून भाजली, अशी बातमी तेव्हा पेपरात आतल्या पानावर दोन ओळींत येई. समितीच्या बायका त्या घरी जात, इस्पितळात जात, पोलीस चौकीवर ठाण मांडत. खासदार झाल्यावर प्रमिलाताईंनी हेच काम लोकसभेत नेलं. १९६१ चा हुंडाबंदी कायदा दात नसलेला होता, तो कडक करण्यासाठी त्यांनी खासगी विधेयक मांडलं.

खासगी विधेयक म्हणजे काय, हे थोडं सांगायला हवं, कारण विरोधी बाकावरच्या खासदाराच्या हातात कायदा करण्याचं तेवढंच हत्यार असतं. शुक्रवारी दुपारी अडीच तास त्यासाठी राखलेले असतात. स्वातंत्र्यापासून आजवर अशी १४ विधेयकं मंजूर झाली, त्यांतलं शेवटचं १९७० मध्ये. म्हणजे प्रमिलाताईंनी विधेयक मांडलं तेव्हाही ते पास होणार नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण विधेयक मांडलं की सरकारला उत्तर द्यावं लागतं. या प्रश्नावर दोन्ही सभागृहांची संयुक्त समिती बसली. १९८३ मध्ये भारतीय दंड संहितेत ४९८ अ हे कलम आलं, १९८४ मध्ये हुंडाबंदी कायदा दुरुस्त झाला. देशभरच्या स्त्री संघटनांनी रस्त्यावर दिलेल्या लढ्याचं हे फळ होतं, एका बाईचं नव्हे. तरी पोलीस चौकीवरचं गाऱ्हाणं कायद्याच्या मसुद्यात नेऊन ठेवणारी खासदार दादरनं दिली होती, ही गोष्ट दादरकरांनी अभिमानानं सांगावी अशी आहे.

खासदार निधी तेव्हा नव्हता. तो १९९३ मध्ये आला, आज वर्षाला ५ कोटी रुपये आहे. त्यामुळे अहिल्याताई किंवा प्रमिलाताई यांच्याकडे कुणी समाजमंदिर, पेव्हर ब्लॉक किंवा व्यायामशाळेचं सामान मागायला जात नसे. लोक रेशनकार्ड, नळ, पगार, मारहाण घेऊन जात. खासदाराचं काम काय, याची लोकांच्या मनातली कल्पनाच मधल्या काळात बदलली आहे.

प्रमिलाताई १९८४ मध्ये हरल्या आणि इथून पुढे शांतता पसरते. कारण शोधायला लांब जावं लागत नाही. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि तो संप कधी रीतसर मिटलाच नाही. डॉ. दत्ता सामंत १९८४ मध्ये दक्षिण-मध्य मुंबईतून खासदार झाले खरे, पण ज्या चाळींवर हे राजकारण उभं होतं त्या चाळींतले हात रिकामे झाले. बायका घरकामाला, फराळ करून विकायला, शिवणकामाला गेल्या. मोर्चाला यायला वेळ कुणाकडे उरला? दादरच्या प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये उभ्या केलेल्या अन्नपूर्णा महिला मंडळानं खानावळवाल्या बायकांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं, त्यांची घरं तगवली. राजकारणाचं मैदान मात्र सेनेच्या शाखांकडे गेलं. शाखेत महिला आघाडी होती, कष्टही तिनं अपार केले, पण लोकसभेचं तिकीट तिच्यापर्यंत आलं नाही. वामनराव महाडिक, मोहन रावले, मनोहर जोशी, विद्याधर गोखले, नारायण आठवले ही या भागांतल्या सेनेच्या खासदारांची नावं. मोहन रावले तर सलग पाच वेळा. यादीत एकही बाई नाही.

गिरगावात वेगळं घडलं. जयवंतीबेन मेहता १९६८ मध्ये महापालिकेत आल्या, १९७८ ते १९८५ आमदार होत्या, १९८९ मध्ये ईशान्य मुंबईतून खासदार झाल्या आणि १९९६ मध्ये दक्षिण मुंबईतून त्यांनी मुरली देवरा यांना हरवलं. १९९८ ला हरल्या, १९९९ ला परत निवडून आल्या. आणीबाणीत त्याही तुरुंगात होत्या, पण जनसंघाच्या बाजूनं. भाजपच्या महिला मोर्चाच्या राष्ट्रीय अध्यक्षपदापर्यंत त्या गेल्या. वाजपेयी सरकारात १९९९ ते २००४ ऊर्जा राज्यमंत्री होत्या, २००३ चा वीज कायदा त्याच काळातला. त्या आणि अहिल्याताई राजकारणात दोन टोकांना. पण दोघींची पायरी एकच आहे: आधी वॉर्ड, मग वरचं सगळं. २००४ मध्ये मिलिंद देवरा यांच्याकडून त्या दहा हजारांच्या आसपास मतांनी हरल्या आणि २०१६ मध्ये वारल्या. दक्षिण मुंबईतून त्यांच्यानंतर स्त्री खासदार झालेली नाही. बँकेत मोठ्या पदावर राहिलेल्या मीरा सन्याल २००९ मध्ये अपक्ष आणि २०१४ मध्ये आम आदमी पक्षातर्फे उभ्या राहिल्या, २०२४ मध्ये भायखळ्याच्या आमदार यामिनी जाधव उभ्या राहिल्या. दोघींना यश आलं नाही.

मग वॉर्डात बायका उरल्या नाहीत का? इथंच सर्वांत बोचणारा भाग आहे. महापालिकेत आधी एक तृतीयांश आणि २०१२ च्या निवडणुकीपासून निम्म्या जागा स्त्रियांना राखीव झाल्या. २२७ पैकी ११४. विशाखा राऊत, श्रद्धा जाधव, स्नेहल आंबेकर, किशोरी पेडणेकर या महापौर झाल्या, आणि चौघीही याच दादर-परळ-लोअर परळच्या भागात घडलेल्या. एप्रिल २०२० मध्ये करोनाच्या साथीत पेडणेकर परिचारिकेचा जुना गणवेश घालून नायर इस्पितळात गेल्या होत्या, कारण राजकारणात येण्याआधी तेच त्यांचं काम होतं. नालेसफाईपासून इस्पितळापर्यंत शहर आतून ओळखणाऱ्या या बायका. यांतली एकही लोकसभेत गेलेली नाही. महापौरपदापर्यंत आरक्षणानं नेलं आणि आरक्षण जिथं संपलं तिथं वाटही संपली. माझ्या मते दोष मतदारांचा नाही. मतदारांनी १९७४ ते १९८० मध्ये तीनदा दाखवून दिलं होतं की उमेदवार बाई आहे म्हणून मत अडत नाही. दोष तिकीटवाटपाच्या बंद खोलीचा आहे, आणि खर्चाचा. पंधरा लाखांच्या आसपास मतदार, उमेदवाराची अधिकृत खर्चमर्यादा ९५ लाख. ज्या बाईकडे नुसता मजल्यामजल्यावरचा निरोप पोचवायची ताकद आहे तिला पक्षाची निवड समिती आज उमेदवार मानत नाही.

शेजारच्या उत्तर-मध्य मुंबईत, जी आता वांद्रे-कुर्ल्याकडे सरकली आहे, २००९ मध्ये प्रिया दत्त, २०१४ व २०१९ मध्ये पूनम महाजन आणि २०२४ मध्ये वर्षा गायकवाड निवडून आल्या. तिघी नेत्यांच्या मुली, असं म्हणून हा विषय मिटवला जातो. तसा तो मिटत नाही. रोझाताई डांग्यांची मुलगी होत्या, अहिल्याताई रणदिव्यांची बहीण. नात्यानं दार उघडतं, हे तेव्हाही खरं होतं. आत आल्यावर काय करायचं हे नातं सांगत नाही. वर्षा गायकवाड धारावीच्या २० वर्षं आमदार होत्या, राज्याच्या शालेय शिक्षणमंत्री होत्या. त्यांचा विजय वडिलांच्या नावावर लिहून टाकणं अन्यायाचं आहे. मात्र घराण्याबाहेरच्या बाईला आज दार कुठलं, या प्रश्नाला या तिघींच्या विजयात उत्तर सापडत नाही.

स्त्री आरक्षणाचं विधेयक १९९६ मध्ये पहिल्यांदा लोकसभेत आलं. प्रमिलाताई त्यासाठी शेवटपर्यंत झगडल्या आणि ३१ डिसेंबर २००१ ला गेल्या. अहिल्याताई २००९ मध्ये गेल्या, मृणालताई २०१२ मध्ये, रोझाताई २०२० मध्ये. १०६ वी घटनादुरुस्ती सप्टेंबर २०२३ मध्ये झाली तेव्हा चौघींपैकी कुणीही ती पाहायला नव्हती. त्या दुरुस्तीनुसार जागा राखीव होतील त्या जनगणना आणि मतदारसंघांची फेररचना झाल्यावर. २०२४ मध्ये महाराष्ट्राच्या ४८ जागांवर ७ स्त्रिया निवडून आल्या. मुंबईच्या सहांपैकी एक.

मजल्यामजल्यावरची ती बाई मात्र आजही आहे. गिरणी कामगारांच्या घरांसाठी दीड लाखाहून अधिक अर्ज पडून आहेत. त्यासाठी होणाऱ्या सभांना पुढच्या रांगेत कामगारांच्या विधवा, सुना आणि मुली बसतात. प्लॅस्टिकच्या पिशवीत गिरणीचं हजेरी कार्ड, फंडाची पावती, मृत्यूचा दाखला. एखाद्या वारसाचा कागद कमी पडला तर तो कुठल्या खिडकीवर मिळेल, हे शेजारची बाई पाठ सांगते. बीडीडी चाळींत पुनर्विकासाच्या बैठका होतात तेव्हा कुठल्या मजल्यावर किती घरं राजी आहेत हे विचारायला लोक तिच्याकडेच जातात.